लस टोचायच्या आधीच टायटर ४०? एचआय टेस्टमध्ये डे-झिरो का चढतो

आधीच सांगून टाकतो, आमच्याकडे हा प्रॉब्लेम, म्हणजे फ्लूची लस टोचायच्या आधीच रक्तात अँटीबॉडी दिसण्याचा, आला तेव्हा मी आठवडाभर लशीवर संशय घेत बसलो होतो आणि शेवटी चोर सापडला वॉटर बाथमध्ये, म्हणजे ट्यूब गरम करायच्या पाण्याच्या टाकीत. पण दरवेळी तो तिथेच असतो असं नाही, नंतर हाच प्रॉब्लेम दोनदा आला आणि दोन्ही वेळा कारण वेगळं निघालं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

झालं असं की फ्लूच्या लशीचे पेअर सॅम्पल होते, म्हणजे एकाच माणसाचं लस टोचायच्या आधीचं सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी), ते डे-झिरो, आणि चार आठवड्यांनंतरचं डे-२८. एचआय (हिमॅग्लुटिनेशन इनहिबिशन, अँटीबॉडी मोजायची टेस्ट) लावली, प्लेट (बारीक खळग्यांची, एकेक खळगा म्हणजे वेल) तिरकी करून वाचली तर डे-झिरोला टायटर (सीरम किती पट पातळ करेपर्यंत अँटीबॉडी काम करते तो आकडा) जवळजवळ सगळ्यांचाच २० नाहीतर ४० वर. लस टोचलेलीच नाही आणि सगळे आधीच सुरक्षित! डे-२८ ला मात्र काही लोक छान १६०, ३२० ला गेलेले आणि बाकीचे ४० वरून ८० वर येऊन थांबलेले. रिपोर्ट तसाच पाठवला असता तर वाचणारा म्हणाला असता लस फुसकी आहे.

हे इतकं का लागतं ते आकड्यांत बघा. टायटर १० च्या खाली आला की आपण ५ धरतो. सेरोकन्व्हर्जन, म्हणजे लस लागू पडली असं मानायची अट, ती अशी: आधी १० च्या खाली आणि नंतर ४० किंवा वर, नाहीतर आधी १० किंवा जास्त असेल तर नंतर किमान चौपट. आता खरा डे-झिरो ५ आणि खरा डे-२८ ८० असलेला माणूस घ्या, सोळा पट वाढ, मस्त. पण काहीतरी गडबड होऊन त्याचा डे-झिरो ४० दिसला तर ४० वरून ८० म्हणजे फक्त दुप्पट, माणूस यादीतून बाहेर. आणि गंमत म्हणजे डे-२८ चा आकडा अजिबात चुकलेला नसतो! चूक फक्त तळाला असते, म्हणून नजरेतून सुटते. वर तो ४० चा आकडा म्हणजे आपल्या फील्डमधलं ३५ टक्के पासिंग. १९७२ साली हॉब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना मुद्दाम व्हायरस देऊन बघितलं होतं, त्यात १८ ते ३६ च्या आसपास टायटर असलेल्या निम्म्या लोकांना संरक्षण दिसलं, तिथून हा ४० रूढ झाला. तो काही लोखंडी भिंत नाहीये, पण सगळे त्यालाच धरून बसतात, त्यामुळे खोटा ४० फार महागात पडतो.

नवीन मुलांसाठी टेस्ट दोन ओळीत. फ्लूच्या व्हायरसवरचं एचए प्रोटीन (हिमॅग्लुटिनिन) तांबड्या पेशींवरच्या सियालिक ॲसिडला (ही एक साखर, हेच व्हायरसचं रिसेप्टर, पकडायची जागा) चिकटतं, पेशी एकमेकींत अडकून वेलच्या तळाला जाळी पसरते. सीरममध्ये अँटीबॉडी असेल तर ती एचए झाकते, जाळी होत नाही, पेशी खाली घसरून बटण होतं. जॉर्ज हर्स्टनी १९४१ मध्ये हे पाहिलं, इन्फेक्शन झालेल्या अंड्यातला गर्भ काढताना रक्तवाहिनी फाटली आणि त्या द्रवात पेशींच्या गुठळ्या झाल्या, तिथून हे सगळं सुरू. ऐंशीच्या वर वर्षं झाली तरी आपण तेच करतोय आणि तेच प्रॉब्लेम घेऊन बसतोय.

आता मुद्द्याचं. बटण दिसलं म्हणजे अँटीबॉडी आहे असं आपण धरतो, पण बटण एवढंच सांगतं की जाळी झाली नाही. का झाली नाही ते सांगत नाही. व्हायरस कमी पडला तरी बटण, पेशींवरचे रिसेप्टर कुणी खाऊन टाकले तरी बटण, सीरममधलं दुसरंच काहीतरी एचएला जाऊन बसलं तरी बटण. म्हणून टायटर लिहायच्या आधी प्लेट लांब धरून नुसता पॅटर्न बघा. सगळी प्लेट एक-दोन वेल सरकलीये, पॉझिटिव्ह कंट्रोलसकट (ज्याचा टायटर आधीच माहीत आहे ते सीरम)? की फक्त पहिल्या दोन-तीन वेलच बिघडल्यात, निगेटिव्ह कंट्रोलच्यासुद्धा (ज्यात अँटीबॉडी नाही ते सीरम), आणि मोठे टायटर जिथल्या तिथे आहेत? की ठराविक सीरमच वर आहेत? की लशीतल्या तीन स्ट्रेनपैकी (व्हायरसच्या जातींपैकी) एकच वेडंवाकडं वागतोय? माझ्या मते ऐंशी टक्के निदान इथेच होतं आणि आपण मात्र ही पायरी टाळून सरळ प्लेट रिपीट करायला घेतो, तीच चूक तशीच्या तशी परत करायला.

आमची केस दुसऱ्या प्रकारातली होती. १० ते ४० पर्यंत सगळीकडे बटणं, अगदी अँटीबॉडी नसलेल्या कंट्रोल सीरममध्येही, आणि १६० वाले १६० लाच. असा तळ चढला की आधी आरडीईकडे बघायचं.

आरडीई म्हणजे रिसेप्टर डिस्ट्रॉइंग एन्झाइम, कॉलऱ्याच्या जंतूपासून मिळतं, बर्नेट आणि स्टोन यांनी १९४७ मध्ये त्याचं वर्णन केलं. माणसाच्या सीरममध्ये सियालिक ॲसिड लावलेली बरीच प्रोटीन फिरत असतात, व्हायरस फसून त्यांनाच चिकटतो आणि अँटीबॉडी नसताना बटण दिसतं. आरडीई ते सियालिक ॲसिड छाटून टाकतं. आमची पद्धत नेहमीचीच, ५० मायक्रोलिटर सीरम, १५० आरडीई, ३७ डिग्रीला रात्रभर, म्हणजे १८ ते २० तास, मग ५६ डिग्रीला अर्धा तास आणि मग ३०० सलाईन, झालं १:१० डायल्युशन.

यात दोन उलट दिशेच्या चुका होतात आणि दोन्हींचा चेहरा सारखाच दिसतो, खरी मेख इथे आहे. एक, आरडीईने काम कमी केलं, म्हणजे नकली चिकटणारी प्रोटीन शिल्लक राहिली. दोन, आरडीईने काम चांगलं केलं पण ५६ डिग्रीला ते पुरतं मेलं नाही, मग ते प्लेटमध्ये येऊन तांबड्या पेशींवरचेच रिसेप्टर छाटत बसतं आणि व्हायरसला धरायला काही उरत नाही. दोन्हींमध्ये कमी डायल्युशनला बटण आणि पुढे सगळं नॉर्मल. पहिल्यावर उपाय म्हणजे आरडीई वाढवणं, आणि दुसऱ्यात तेच केलंत तर आगीत तेल! मी नेमकं तेच केलं होतं. एकास तीनच्या जागी एकास चार घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तळ ४० वरून ८० ला चढला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

दोन्हींमध्ये फरक करायला एक साधा कंट्रोल आहे, फुकटचा, तरी फार कमी जण लावतात. सीरमऐवजी ५० मायक्रोलिटर सलाईन घ्या, त्यात तेवढंच आरडीई, तीच रात्र, तोच ५६ डिग्रीचा अर्धा तास, तेच ३०० सलाईन, आणि हे बिनसीरमचं मिश्रण (हाच ब्लँक) बाकी सीरमसारखंच प्लेटवर डायल्युट करत न्या. यात अँटीबॉडी नाही, सीरमच नाही, त्यामुळे पहिल्या वेलपासून जाळी दिसायलाच पाहिजे. बटण आलं तर आरडीई जिवंत आहे, विषय संपला. जाळी आली तर आरडीई मेलंय आणि गडबड सीरममधल्या प्रोटीनची आहे. आमच्या ब्लँकमध्ये तीन वेल बटणं.

मग वॉटर बाथ. डिस्प्लेवर ५६.० झळकत होतं. साधा काचेचा थर्मामीटर बुडवला तर ५१. आणि तोही मधोमध, कोपऱ्यात अजून कमी, कारण रॅक गच्च भरलेला आणि पाणी कोणी टॉपअप केलेलं नाही, ट्यूबमधल्या द्रवाच्या खालपर्यंतच पाणी. शिवाय रात्रभर ३७ ला ठेवलेल्या ट्यूबच्या झाकणाला आतून थेंब जमतात, ते थेंब ५६ च्या पाण्याला लागतच नाहीत, वरच राहतात, आणि नंतर ट्यूब उलटीसुलटी केली की जिवंत आरडीई परत आत. त्यामुळे आता आम्ही ५६ ला ठेवायच्या आधी सगळ्या ट्यूब एकदा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून थेंब खाली आणतो, आणि अर्धा तास मोजायचा तो एका डमी ट्यूबमधलं पाणी ५६ ला पोचल्यावर. ट्यूब बाथमध्ये सोडल्या त्या क्षणापासून नाही. या दोन गोष्टी केल्यावर तळ गायब, तेच सीरम, तीच लस, डे-झिरो बहुतेकांचा १० च्या खाली.

ब्लँक स्वच्छ आला तर मग उलटं शोधायचं. आरडीई जुनं आहे का, विरघळवून फ्रीजमध्येच पडून होतं का, परत परत गोठवलं-वितळवलं का. कॉलऱ्याच्या या एन्झाइमला कॅल्शिअम लागतं, म्हणून रक्त कोणत्या ट्यूबमध्ये घेतलं ते विचारा. आम्हाला दुसऱ्या वेळी हाच प्रॉब्लेम आला तेव्हा काही ठराविक सॅम्पलच वर होते, बाकी प्लेट चकाचक, आणि कलेक्शनचं रजिस्टर काढलं तर त्या दिवशी लाल झाकणाच्या ट्यूब संपल्या म्हणून जांभळ्या झाकणाच्या वापरलेल्या. जांभळं झाकण म्हणजे ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन), ईडीटीए कॅल्शिअम बांधून ठेवतं, आरडीई उपाशी. लेबलवर मात्र इमानदारीत सीरम लिहिलेलं, बिचाऱ्या प्लाझ्मावर. एचआयला सीरमच घ्या, वाद नको.

पॅटर्न जर सगळी प्लेट सरकण्याचा असेल, पॉझिटिव्ह कंट्रोल नेहमी १६० देतो आणि आज ६४० देतोय, तर आरडीईच्या मागे लागू नका, व्हायरस मोजा. २५ मायक्रोलिटरमध्ये ४ एचए युनिट (एक युनिट म्हणजे जेमतेम जाळी करेल इतका व्हायरस) हवेत. बॅक टायट्रेशन (वापरायला काढलेला व्हायरस परत मोजणं) करताना ५० मायक्रोलिटर घेतलं की त्यात ८ युनिट येतात, ते निम्मं-निम्मं करत गेलं की ८, ४, २, १ अशा पहिल्या चार वेलमध्ये जाळी आणि पाचवीत बटण दिसलं पाहिजे. तीनच वेलमध्ये जाळी म्हणजे व्हायरस निम्माच पडलाय, टायटर एक वेल वर जाणार. पाच वेलमध्ये असेल तर उलटं. चूक कळल्यावर प्लेट टाकून द्यायची, मनातल्या मनात दोनने भागायचं नाही! हे लिहावं लागतंय कारण मी भागताना पाहिलंय.

आणि बॅक टायट्रेशन सकाळी एकदाच करून मोकळं होऊ नका. वीस प्लेट लावायच्या असतील तर शेवटच्या प्लेटला व्हायरस पडेपर्यंत दोन तास जातात, एप्रिल-मे महिन्यात आपल्या लॅबमध्ये एसी असून नसल्यासारखा असतो, आणि डायल्युट केलेला व्हायरस टेबलावर तसाच पडलेला. पहिल्या प्लेटला ४ युनिट आणि शेवटच्या प्लेटला किती ते देव जाणे. बर्फात ठेवा आणि शेवटी परत एक बॅक टायट्रेशन लावा, सुरुवातीचं आणि शेवटचं जुळलं तरच त्या दिवसाचं काम खरं. तसंच एका माणसाचं डे-झिरो आणि डे-२८ एकाच प्लेटवर लावा, कितीही गैरसोय झाली तरी. दुप्पट डायल्युशनची टेस्ट आहे, एक वेल इकडेतिकडे हा तिचा स्वभावच आहे, तो दोन वेगळ्या दिवसांचा स्वभाव एकत्र केला की काहीही सिद्ध करता येतं.

तांबड्या पेशींवर खरंतर वेगळं लिहायला पाहिजे इतकी ती डोकेदुखी आहे. कोंबडीच्या किंवा टर्कीच्या असतील तर ०.५ टक्के, व्ही-बॉटम प्लेट आणि अर्धा तास. गिनी पिगच्या असतील तर ०.७५ टक्के, यू-बॉटम आणि एक तास. पक्ष्यांच्या पेशीत न्यूक्लिअस असतं, त्या जड, घट्ट बटण होऊन प्लेट तिरकी केली की अश्रूसारख्या ओघळतात. गिनी पिगच्या ओघळायच्या भानगडीत न पडता तळाला बारीक कडं करून बसतात, आणि कोंबडीची सवय असलेला माणूस त्या कड्याला अर्धवट जाळी समजून टायटर खाली लिहितो. आपल्याकडे टर्की सहज मिळत नाही म्हणून बरेच जण कोंबडी किंवा गिनी पिगवर काम भागवतात, चालतं, पण मधेच बदलू नका. पेशी धुताना वरचं पाणी गुलाबी दिसलं की ती बॅच फेकायची. आणि टक्केवारी अंदाजाने नको, आमच्याकडे एक जण रंग बघून ०.५ टक्के सांगायचा, बऱ्याचदा बरोबर असायचा आणि तोच धोका होता.

प्रत्येक सीरमसाठी एक वेल व्हायरसशिवाय ठेवा, नुसतं सीरम आणि पेशी. तिथे बटण यायलाच हवं. तिथेच जाळी दिसली तर त्या सीरममध्ये पेशींनाच चिकटवणारं काहीतरी आहे आणि मग तुमचा टायटर खोटा कमी येणार. आरडीई झालेल्या २० भाग सीरममध्ये १ भाग घट्ट बसवलेल्या पेशी टाकून ४ डिग्रीला तासभर ठेवायचं, फिरवायचं, वरचं सीरम घ्यायचं, बहुतेक वेळा सुटतं.

आता एकच स्ट्रेन वेडा वागत असेल तर पैज लावून सांगतो तो एच३एन२ (फ्लू ए चा एक उपप्रकार) असणार. गेल्या काही दशकांत हा व्हायरस कोंबडीच्या पेशी धरेनासा झाला, मग टर्कीच्याही, आणि २०१४ नंतरच्या ३सी.२ए गटातले कित्येक तर गिनी पिगच्या पेशीसुद्धा नीट धरत नाहीत. त्यातून मधेच एखादा स्टॉक झकास जाळी देतो आणि आपण खुश होतो. खुश होऊ नका. एमडीसीके पेशींत (कुत्र्याच्या किडनीपासूनच्या लॅबमधल्या पेशी) वाढवताना काही एच३एन२ मध्ये न्यूरामिनिडेजमध्ये (व्हायरसवरचं दुसरं प्रोटीन) बदल होतो, १५१ नंबरच्या जागी, आणि मग एचए नाही तर न्यूरामिनिडेजच तांबड्या पेशींना चिकटतं. एचएवरची अँटीबॉडी कितीही असली तरी ती जाळी तुटणार कशी? डे-२८ चे टायटर उगाच खाली येतात. तपासायचं असेल तर २० नॅनोमोलर ओसेल्टामिविर कार्बोक्सिलेट (न्यूरामिनिडेज अडवणारं फ्लूचं औषध) घालून परत एचए टायट्रेशन करा, जाळी गायब झाली तर ती न्यूरामिनिडेजची होती. कार्बोक्सिलेटच, बरं का. एकाने मेडिकलमधून कॅप्सूल आणून फोडून घातली होती, ते ओसेल्टामिविर फॉस्फेट असतं, शरीरात गेल्यावर लिव्हरमध्ये त्याचं खरं औषध होतं. प्लेटला लिव्हर नसतं.

अंड्यात वाढवलेला एच३एन२ वापरून हा त्रास कमी होतो खरा, पण अंड्यात वाढताना एचएवर बदल होतात, ३सी.२ए च्या लशीतल्या स्ट्रेनमध्ये तर १६० नंबरच्या जागच्या बदलामुळे एचएवरचा साखरेचा मुखवटाच गेला होता, मग अंड्याच्या अँटिजेनवर सुंदर टायटर आणि प्रत्यक्ष फिरणाऱ्या व्हायरसवर फारसं काही नाही असंही होतं. म्हणून एच३एन२ साठी मी आता सरळ मायक्रोन्यूट्रलायझेशनकडे (अँटीबॉडी व्हायरसला पेशींत शिरू देत नाही का, ते बघणारी टेस्ट) जातो. त्यात तांबड्या पेशीच नाहीत, एमडीसीके-सियाट (एमडीसीकेचाच सुधारलेला प्रकार) पेशींवर काम, वेळ जास्त लागतो, दोन-तीन दिवस, पण रात्री झोप लागते. इन्फ्लुएंझा बी चं उलटं, अख्ख्या व्हायरसवर टायटर मुळातच खाली येतो, ईथर ट्रीट केलेल्या (ईथरने व्हायरस फोडलेल्या) अँटिजेनवर वर जातो. दोन्ही चालतं, पण डे-झिरो एकावर आणि डे-२८ दुसऱ्यावर झालं तर जी वाढ दिसेल ती ईथरची.

एवढं सगळं तपासलं, ब्लँक स्वच्छ, व्हायरस बरोबर, निगेटिव्ह कंट्रोल १० च्या खाली, आणि तरीही काही जणांचा डे-झिरो ८०? मग तो खराच आहे, मान्य करा. गेल्या वर्षी लस घेतलेली असेल, किंवा पावसाळ्यात चार दिवस अंगावर काढलेला ताप फ्लूच असेल. अशा लोकांत चौपट वाढ मुळातच कमी दिसते, ती टेस्टची चूक नाही, त्यांचा वेगळा गट करून आकडे दाखवा. आणि लस नाकात मारायची लाइव्ह असेल तर डे-२८ चा एचआय फारसा न वाढणं हे नवल नाहीच. तिचं बरंचसं काम नाकातल्या आयजीए अँटीबॉडी आणि टी-सेलकडून होतं आणि एचआयला त्यातलं काही दिसत नाही, तिथे रक्तातल्या सीरमवर डोकं आपटू नका.

आमच्या बाथमध्ये आता कायम एक काचेचा थर्मामीटर दोरीने लटकवलेला असतो. सेटिंग ५६ ला ठेवलं की डिस्प्ले अजूनही ५६.० च दाखवतो. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा डिस्प्ले बघून सगळं ओके आहे म्हणाला. सध्या सेटिंग ६१ ला ठेवलंय, थर्मामीटर ५६ दाखवतो, आणि झाकणावर मार्करने लिहून ठेवलंय की ६१ ला हात लावू नये.